घोडबंदर रोडला टॉवरमध्ये ऑडिओ सिस्टिम: स्टॅबिलायझर, पॉवर कंडिशनर की नुसतं सर्ज प्रोटेक्शन?

घोडबंदरचा_श्रोता (ठाणे)

नमस्कार मंडळी,

कासारवडवलीला टॉवरमध्ये, चौदाव्या मजल्यावर सिस्टिम आहे. टोरॉइडल (कड्यासारख्या गाभ्याच्या) ट्रान्सफॉर्मरचा क्लास एबी इंटिग्रेटेड ॲम्प (८ ओहमला ८० वॉट, पॉवर कॉर्ड दोन पिनांची), डॅक (डिजिटलचा ॲनालॉग सिग्नल करणारा), स्ट्रीमर (नेटवरून गाणी वाजवणारा), पॉवर्ड सबवूफर (खर्जाचा स्पीकर, हा तीन पिनांचा) आणि टीव्ही. टीव्हीचा आवाज एचडीएमआय एआरसीने (एचडीएमआय वायरीतूनच आवाज बाहेर नेणारी सोय) ॲम्पला जातो. सेट-टॉप बॉक्स केबलवाल्याचा. इंटरनेटही त्याचंच, गच्चीवरच्या स्विचमधून तांब्याची लॅन वायर थेट घरात. डीबी (घरातल्या स्विच-फ्यूजची मुख्य पेटी) मुख्य दारामागे, तिथून सिस्टिमचा बोर्ड वायरिंगच्या वाटेने साधारण १२ मीटर.

मल्टीमीटरवर दुपारी २३० ते २३५ दिसतात, संध्याकाळी सात-आठला २१५ च्या आसपास, रात्री साडेअकरानंतर २४८ ते २५२. रात्री ॲम्पच्या डब्यातून घरघर येते, स्पीकरमधून नाही. सबमधून मात्र वेगळी गुणगुण, व्हॉल्यूम शून्यावर असला तरी. सोसायटीचा जनरेटर आहे, लाइट गेले की सात-आठ सेकंदांत तो लोड घेतो.

दुकानदाराचं म्हणणं, पॉवर कंडिशनर (वीज ‘स्वच्छ’ करणारा डबा) घ्या, सगळं सुटेल. सर्व्हो स्टॅबिलायझर, आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, ऑनलाइन यूपीएस ही नावंही कानावर येतात. बजेट वीस हजार. परतीचा पाऊस तोंडावर आहे, तेव्हा आधी कशाला हात घालू?

---

अर्थपिट (नेरुळ)

कंडिशनरचे पैसे सध्या खिशातच राहू द्या. ‘खराब पॉवर’ या एका नावाखाली चार वेगळ्या तक्रारी येतात: मायक्रोसेकंदांत येऊन जाणारा सर्ज (व्होल्टेजची उसळी), न्यूट्रल तुटल्यावर मिनिटंच्या मिनिटं टिकणारा जादा व्होल्टेज, दिवसभरातला सावकाश चढ-उतार आणि हम-बझ-घरघर. चारींचं औषध वेगळं. एकच डबा चारही करतो असं कोणी म्हणालं, तर त्याच्याकडे आतला सर्किट डायग्राम मागा.

तुमचे २५२ आधी घेऊ. आपल्याकडे डिस्ट्रिब्यूशन ट्रान्सफॉर्मरचं सेकंडरी (घरांकडची बाजू) ४३३ व्होल्टचं असतं. त्याला तीनच्या वर्गमुळाने भागा, एका फेजला २५० येतात. रात्री लोड उतरला आणि ट्रान्सफॉर्मर आवारातच असला की तेवढे दिसणारच. २३० च्या दोन्ही बाजूंना १० टक्के धरले तर २०७ ते २५३ ही मर्यादा. तुम्ही वरच्या काठावर आहात, पण आत आहात. डॅक, स्ट्रीमर आणि टीव्हीच्या एसएमपीएसला (स्विचिंग पॉवर सप्लायला) याचं सोयरसुतक नाही, त्यांच्यावर बहुधा १०० ते २४० लिहिलेलं असतं आणि २६४ पर्यंत त्या बिनतक्रार चालतात. प्रश्न आहे तो टोरॉइडवाल्या ॲम्पचा.

खरा धोका न्यूट्रलचा. मीटर रूममध्ये किंवा रायझरवर (मजल्यांवर चढणाऱ्या मेन वायरीवर) न्यूट्रलचा जोड सैल झाला, जळाला, तर वेगवेगळ्या फेजवरचे फ्लॅट दोन फेजमधल्या ४०० व्होल्टना सिरीजमध्ये जोडले जातात. ज्याच्या घरात एसी-गीझर चालू, त्याला कमी व्होल्टेज. ज्याच्या घरात फक्त एक टीव्ही आणि ॲम्प चालू, त्याला साडेतीनशेच्याही वर. असं मिनिटभर टिकलं तरी पुरे. स्पाइक गार्डमधला एमओव्ही (व्होल्टेज फार चढला की वाहू लागणारी छोटी चकती) इथे काही वाचवत नाही, उलट तोच आधी पेटतो. त्याचं काम समजून घ्या: २० मिलिमीटरच्या एमओव्हीवर ४३१ छापलं असेल तर तो १ मिलिअँपियरला ४३० व्होल्ट दाखवतो, सतत सोसतो २७५ व्होल्ट एसी आणि १०० अँपियरच्या सर्जला साधारण ७१० व्होल्टवर धरतो. म्हणजे तो काही ‘२७५ च्या वर कापतो’ असं नाही. तो क्षणभराचा मार आपल्या अंगावर घेतो. सतत ३५० व्होल्ट दिले की तापतो, फुटतो, शेजारचं प्लॅस्टिक जाळतो.

म्हणून डीबीत दोन वस्तू हव्यात, एक नाही.

पहिली, टाइप २ एसपीडी (डीबीत बसणारं सर्ज संरक्षण), सिंगल फेजला ‘१+१’ रचनेचा: फेज आणि न्यूट्रलमध्ये एमओव्ही, न्यूट्रल आणि अर्थमध्ये गॅस ट्यूब. डेटाशीटवर यूसी (सतत सोसायचा व्होल्टेज) ३२० व्होल्ट बघा (तुमच्याकडे २५२ नेहमीचे आहेत, २७५ चा घेतला तर हाताशी फारसं काही उरत नाही), आयएन (वारंवार सोसायचा सर्ज करंट) २० किलोअँपियर, आयमॅक्स (एकदाच सोसायचा कमाल करंट) ४०, यूपी (सर्जच्या वेळी पुढे जाणारा व्होल्टेज) १.५ किलोव्होल्ट किंवा कमी. घरगुती उपकरणं साधारणपणे २.५ किलोव्होल्टचा इम्पल्स सोसतील अशी बनवतात, त्यामुळे दीड बरं. टीओव्ही (काही वेळ टिकणारा जादा व्होल्टेज) नावाची ओळही वाचा. न्यूट्रल गेल्यावर एसपीडी मेला तरी आग न लावता मरेल की नाही ते तिथे कळतं.

दुसरी, डिन रेलवर (डीबीतल्या पट्टीवर) बसणारा ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर, दोन पोलचा, तुमच्या मेनच्या अँपियरचा. वरची मर्यादा २६५, खालची १८०, परत जोडायला १८० सेकंदांचा उशीर. वरची मर्यादा २५५ ठेवलीत तर २५२ वरून जरासं चढलं की रात्री घर अंधारात जाईल. उशीर तीन मिनिटांचाच ठेवा. लाइट आल्यावर पहिल्या काही सेकंदांत सगळ्या इमारतीचे कॉम्प्रेसर एकदम ओढतात, जनरेटरचा व्होल्टेजही तेव्हाच डुलतो. ते निस्तरेपर्यंत तुमचं घर बाजूला राहतं. मात्र जनरेटरवर लाइट आले तरी तीन मिनिटं थांबावं लागेल, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

क्रम असा: मेन, तिथेच समांतर एसपीडी, मग व्होल्टेज प्रोटेक्टर, मग आरसीसीबी (गळती दिसली की पुरवठा तोडणारा), मग एमसीबी (जादा करंटला पडणारा). एसपीडी आरसीसीबीच्या आधी हवा, नाहीतर प्रत्येक मोठ्या सर्जला आरसीसीबी पडेल किंवा त्याचे काँटॅक्ट खराब होतील. एसपीडीच्या आधी कंपनीने सांगितलेल्या रेटिंगचा बॅकअप फ्यूज किंवा एमसीबी घाला.

आता वायरमन हमखास जे चुकवतो ते. एसपीडीच्या वायरी फेजपासून एसपीडी आणि एसपीडीपासून अर्थ बार, दोन्ही मिळून अर्ध्या मीटरच्या आत. सरळ, वेटोळं न करता, तांब्याची ६ स्क्वेअर एमएम. सर्जच्या वेगाला एक मीटर वायर म्हणजे साधारण १ मायक्रोहेन्री, आणि करंट मायक्रोसेकंदाला १ किलोअँपियरने चढत असेल तर त्या मीटरवर १ किलोव्होल्ट पडतो. दीड किलोव्होल्टचा एसपीडी दोन मीटर वायरीने लोंबकळत लावला की उपकरणापर्यंत साडेतीन पोचले. महागातला एसपीडी घेऊन तो डीबीबाहेर वेगळ्या डब्यात, सुबक क्लिप मारून, मीटरभर लांब बसवलेला असतो. दिसायला छान.

---

तिसरी_पिन (ऐरोली)

वरचं सगळं पटलं. मी फक्त आवाजांचं बघतो, कारण तुमच्याकडे दोन वेगळे आहेत आणि दोघांचा एकमेकांशी संबंध नाही.

सबची गुणगुण: ॲम्प दोन पिनांचा, सब तीन पिनांचा, आणि टीव्हीला केबलवाल्याची कोॲक्स (केबल टीव्हीची गोल वायर). केबलची शील्ड (बाहेरचं धातूचं आवरण) गच्चीवरच्या ॲम्प्लिफायरपाशी कुठेतरी अर्थ झालेली आहे. तिथला करंट कोॲक्समधून सेट-टॉप बॉक्स, तिथून एचडीएमआयने टीव्ही, टीव्हीतून एआरसीने ॲम्प, ॲम्पमधून आरसीए केबलच्या शील्डवरून सब, आणि सबच्या तिसऱ्या पिनमधून तुमच्या अर्थला. आरसीएची शील्ड हीच सिग्नलचीही परतीची वाट असल्याने तिच्यावरचा मिलिव्होल्टभर फरकही सब इमानदारीने वाजवतो. तपासायला सोपं: सेट-टॉप बॉक्समधून कोॲक्स उपटा. गुणगुण थांबली तर निदान पक्कं.

उपाय दोन. केबलसाठी गॅल्व्हॅनिक आयसोलेटर मिळतो, कोॲक्सच्या मध्ये घालायचा. आत शील्ड आणि गाभा दोन्हींत छोटे कपॅसिटर असतात. हा डीटीएचला चालत नाही, कारण डिशवरच्या एलएनबीला (सिग्नल पकडणाऱ्या भागाला) त्याच कोॲक्सने डीसी पुरवठा जातो आणि आयसोलेटर तो अडवतो. दुसरा उपाय मला जास्त आवडतो: टीव्ही ते ॲम्प एचडीएमआय काढून टॉसलिंक ऑप्टिकल लावा. प्रकाशाच्या वायरीतून हम येत नाही आणि सर्जही येत नाही. एआरसीचं रिमोट कंट्रोल जाईल, ते सोसा.

सबची तिसरी पिन तोडू नका. तीन-ते-दोन पिनांचा अडॅप्टरही नको. हम जातो हे खरं, पण सबच्या आत इन्शुलेशन गेलं की पत्र्याची प्लेट आणि तिच्यातून तुमच्या ॲम्पचं नॉब फेजवर येतं.

ॲम्पची घरघर: ही यांत्रिक आहे, टोरॉइडचा गाभा सॅच्युरेशनजवळ (चुंबकत्व पेलण्याच्या मर्यादेजवळ) गेल्याची. कारणं दोन असू शकतात. एक, २५२ व्होल्ट. कंपनीने गाभ्यात काटकसर केली असेल तर इतक्यालाच तो कुरकुरतो. दुसरं, मेन्सवर चढलेला डीसी. कुणाच्या तरी घरातलं उपकरण साइन वेव्हचा अर्धाच भाग ओढतं, उदाहरणार्थ हेअर ड्रायर अर्ध्या स्पीडवर, आणि दोन्ही अर्धे भाग सारखे राहत नाहीत. टोरॉइडच्या गाभ्यात हवेची फट नसते, त्यामुळे काहीशे मिलिव्होल्ट डीसीही त्याला पुरतो. ईआय गाभ्याचा (पट्ट्या रचून केलेला चौकोनी) ट्रान्सफॉर्मर तेवढ्यात हलत नाही.

दोन्ही वेगळं करायला दुपारी, २३२ व्होल्ट असताना, त्याच लाइनवर घरचा ड्रायर अर्ध्या स्पीडला लावा. त्या क्षणी घरघर आली तर ॲम्प डीसीला हळवा आहे.

आणखी एक, पंख्याचा रेग्युलेटर. गोल फिरणारा, सलग वेग बदलणारा ट्रायॅकचा (इलेक्ट्रॉनिक स्विचचा) असेल तर तो १०० हर्ट्झचा चिरका बझ देतो, तोही स्पीकरमधून. चार-पाच टप्प्यांचा कपॅसिटरवाला बसवला की विषय संपतो.

---

लोखंडी_कोर (नौपाडा)

इतकं खोदकाम कशाला? १ केव्हीएचा सर्व्हो स्टॅबिलायझर आणि मागे शील्डवाला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. व्होल्टेज २३० ला खिळतो, घरघर जाते, नॉइज जातो. वीस हजारांत बसेल. रिले स्टॅबिलायझर मात्र घेऊ नका, टप्पा बदलताना क्षणभर पुरवठा तुटतो आणि ॲम्पमधून टक्कन आवाज येतो. ऑनलाइन यूपीएस आणखी चांगला, पण पंखा वाजतो.

---

अर्थपिट (नेरुळ)

लोखंडी_कोर, सर्व्होला माझा विरोध नाही, क्रमाला आहे. सर्व्हो म्हणजे मोटरने फिरणारा व्हेरिॲक (व्होल्टेज कमी-जास्त करता येणारा ट्रान्सफॉर्मर). मोटर फिरेल तेवढ्याच वेगाने तो सुधारतो. मायक्रोसेकंदाचा सर्ज त्याच्या डोक्यावरून निघून जातो. न्यूट्रल तुटून ३५० आले तर तो त्याच्या कक्षेबाहेर, कटऑफ नसेल तर तोही जळणार आणि मागचंही. शिवाय कार्बन ब्रश झिजतात आणि मोटर रात्रीच्या शांततेत ऐकू येते, म्हणून तो ऐकण्याच्या खोलीत नको.

आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरबद्दल एक गोष्ट लोक विसरतात. सेकंडरी तरंगती ठेवली तर पुढच्या बाजूला आरसीसीबी आंधळा होतो. एखाद्या उपकरणात गळती झाली तरी त्याला दिसत नाही. सेकंडरीचं एक टोक अर्थला बांधून पुढे वेगळा आरसीसीबी घालायचा आणि सगळ्या उपकरणांच्या तिसऱ्या पिनांचा अर्थ न तोडता पुढे न्यायचा, हे करणारा वायरमन मिळणार असेल तरच घ्या. आणि १ केव्हीएचा टोरॉइडल आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घेतलात तर तो स्वतःच डीसीवर घरघरेल.

संध्याकाळच्या २१५ चं म्हणाल तर घोडबंदरचा_श्रोता यांनी काळजी सोडावी. रेग्युलेट न केलेल्या पुरवठ्याच्या ॲम्पमध्ये रेल व्होल्टेज (ॲम्पच्या आतला डीसी पुरवठा) त्याच प्रमाणात उतरतो आणि पॉवर त्याच्या वर्गाने. २३० चे २१५ झाले म्हणजे ८० वॉटचे ७० झाले, अर्धा डेसिबल. १९० आले असते तर ५५ वॉट उरले असते, तेव्हा स्टॅबिलायझरचा विचार केला असता.

ऑनलाइन यूपीएस ॲम्पला लावू नका. ॲम्प चालू करतानाच्या झटक्याला तो बायपासवर जातो. जनरेटरपर्यंतचे सात-आठ सेकंद आणि प्रोटेक्टरची पुढची तीन मिनिटं राउटर आणि स्ट्रीमरचे अडॅप्टर सांभाळायला १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस पुरतो; फक्त अडॅप्टरवर १२ व्होल्टच लिहिलंय ना ते बघा, काही राउटर ९ चे असतात.

जनरेटरबद्दल एक फुटकळ माहिती: टर्नटेबल (रेकॉर्ड प्लेअर) कधी घेतलंत आणि त्याची मोटर एसी सिंक्रोनस असली, तर जनरेटर ५१ हर्ट्झवर चालत असताना रेकॉर्ड दोन टक्के वेगाने फिरेल. गाणाऱ्याचा सूर चढलेला ऐकू येईल, तेव्हा टर्नटेबलच्या कार्ट्रिजला (सुईच्या भागाला) दोष देऊ नका.

---

खाडीवारा (वाशी)

अर्थिंगचं कोणीच विचारलं नाही अजून. त्याशिवाय एसपीडी, फिल्टर, सगळं हवेत.

टेस्टरचा दिवा काही सांगत नाही. मल्टीमीटर एसीवर ठेवून बोर्डाच्या सॉकेटमध्ये तीन रीडिंग घ्या, एसी किंवा गीझर चालू असताना. फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ यांत दोन-तीन व्होल्टचाच फरक हवा. न्यूट्रल-अर्थ एक ते तीन व्होल्ट असेल तर ठीक. फेज-अर्थ ९०-१०० असं अधांतरी काहीतरी आलं तर अर्थ तुटलेली. आणि लोड चालू असूनही न्यूट्रल-अर्थ अगदी ०.० आलं तर खूश होऊ नका. कुणीतरी सॉकेटच्या मागे न्यूट्रल आणि अर्थ तारेने जोडून ठेवलेले असू शकतात. तिथे न्यूट्रल सुटला की उपकरणाचा पत्रा फेजवर.

पक्कं करायचं तर फेज आणि अर्थमध्ये १०० वॉटचा साधा बल्ब लावा. पूर्ण उजळला तर अर्थ करंट वाहून नेते.

आमच्या बाजूला खाडीची खारी हवा आहे, तुमच्याकडेही घोडबंदरला खाडी दूर नाही. गॅल्व्हनाइज्ड पट्टीचे जोड अर्थ पिटच्या (जमिनीतल्या अर्थिंगच्या खड्ड्याच्या) तोंडाशीच गंजतात, वरून पट्टी धडधाकट दिसते. सोसायटीला सांगून अर्थ पिटचं टेस्टिंग मे महिन्यात करून घ्या. जुलैत केलेलं रीडिंग छान येतं, माती ओली असते.

---

अर्थपिट (नेरुळ)

खाडीवारा, मल्टीमीटरचं अगदी बरोबर. बल्बचा प्रयोग मात्र घरच्या घरी नको. अर्थ तुटलेली असेल तर त्या बल्बमधून फेज तुमच्या घरातल्या फ्रिज, वॉशिंग मशीन, गीझर सगळ्यांच्या पत्र्यावर येतो. अर्थ चांगली असेल तर ०.४३ अँपियर वाहतो आणि ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी लगेच पडतो; तोच तुमचा पुरावा, बल्ब बघायची गरजही नाही. वायरमनकडे लूप टेस्टर (अर्थची वाट मोजणारं यंत्र) असेल तर तो लावू द्या.

आणि चौदाव्या मजल्याबद्दल, कारण इथे बहुतेक लोकांची समजूत उलटी असते. खालचा पिट एक ओहमचा असो वा पाचचा, तुमच्यापासून तो ४० मीटरहून लांब तारेच्या टोकाला आहे. मघाचाच हिशेब लावा: मीटरला १ मायक्रोहेन्री, त्याच वेगाचा करंट, कागदावर ४० किलोव्होल्टच्या वर. म्हणजे सर्जच्या क्षणी तुमच्या घरातली अर्थ ‘शून्य’ नसतेच. पिटची गरज शॉकपासून बचावाला आणि आरसीसीबीला. सर्जमध्ये उपकरण वाचतं ते घरातल्या सगळ्या तारा एकत्र वर गेल्या आणि एकत्र खाली आल्या तर. ॲम्पची फेज, न्यूट्रल, अर्थ, टीव्हीची कोॲक्स, लॅन, सगळ्यांची पातळी एकसारखी उचलली गेली तर त्यांच्यात फरक उरत नाही, आणि फरक नाही तर नुकसान नाही.

तुमच्या घरात ही एकी मोडणाऱ्या दोन तारा आहेत, दोन्ही गच्चीवरून येतात. कोॲक्स आणि लॅन. पॉवरला कितीही चांगला एसपीडी लावा, वीज शेजारच्या टॉवरवर पडली तरी गच्चीवरून पसरलेल्या त्या तांब्यात सर्ज उठणार, तो राउटरमधून लॅनने स्ट्रीमरमध्ये, किंवा कोॲक्स-एचडीएमआयने टीव्हीतून ॲम्पमध्ये शिरणार. लॅन पोर्टमध्ये १,५०० व्होल्टचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असतो, म्हणून हम येत नाही. पण मोठा सर्ज तो ओलांडतो. एचडीएमआयला तर तेवढीही भिंत नाही. पावसाळ्यात टीव्हीचा मेन बोर्ड आणि ॲम्पचं एचडीएमआय कार्ड सोबत जातात ते यामुळे.

केबलवाल्याकडे घरापर्यंत फायबर मागा, घरात ओएनयू (फायबरचा मोडेम) बसवून. नाहीच दिलं तर राउटर आणि स्ट्रीमरच्या मध्ये फायबर मीडिया कन्व्हर्टरची (लॅनचा सिग्नल प्रकाशात आणि परत बदलणाऱ्या डब्यांची) जोडी घाला, मध्ये दोन-तीन मीटर फायबर, दोघांना वेगळे अडॅप्टर, आणि राउटरकडचा कन्व्हर्टर राउटरच्याच बोर्डवर, सिस्टिमच्या बोर्डवर नाही. टीव्हीकडून टॉसलिंक, जे तिसरी_पिननी सांगितलंच. मग ॲम्प-डॅक-स्ट्रीमर-सब हे बेट होतं: एकच बोर्ड, आणि त्या बोर्डाच्या पॉवर वायरीशिवाय तांब्याची एकही तार आत-बाहेर नाही. टीव्ही आणि सेट-टॉप बॉक्स बेटाबाहेर, दुसऱ्या सॉकेटवर.

डीबी १२ मीटरवर आहे. दहा मीटरच्या पुढे गेलं की वायरीत लाट परतून डीबीतल्या एसपीडीच्या व्होल्टेजच्या जवळजवळ दुप्पट होऊ शकते, म्हणून त्या बोर्डवर टाइप ३ (उपकरणाजवळचं) संरक्षण लागेल.

---

तिसरी_पिन (ऐरोली)

तो बोर्ड बनवायचा झाला तर: पत्र्याचा डबा, सहा सॉकेट, १६ अँपियरचा टॉप (प्लग), तीन कोअरची अडीच स्क्वेअर एमएमची लवचिक वायर. फेज आणि न्यूट्रलमध्ये २० मिलिमीटरचा ५११ क्रमांकाचा एमओव्ही, म्हणजे सतत ३२० व्होल्ट एसीचा. तो थर्मल कटऑफ अंगातच असलेला घ्या; साधा घेतलात तर थर्मल फ्यूज त्याच्या अंगाला टेकवून, फायबरग्लास स्लीव्हमध्ये दोघांना एकत्र, आणि करंट फ्यूजमधूनच एमओव्हीला जाईल असा. न्यूट्रल-अर्थला गॅस ट्यूब. एमओव्हीच्या फ्यूजनंतर निऑन किंवा एलईडी लावा, विझला की एमओव्ही गेला असं समजायचं. एमओव्ही प्रत्येक मोठ्या सर्जला थोडा म्हातारा होतो.

नॉइजसाठी ०.४७ मायक्रोफॅरडचा एक्स-२ (थेट मेन्सवर लावायचा) कपॅसिटर फेज-न्यूट्रलला, त्याला समांतर ४७० किलो ओहमचे दोन रेझिस्टर सिरीजमध्ये, नाहीतर टॉप उपटल्यावर पिनांना हात लागला की चटका बसेल. तयार ईएमआय फिल्टर वापरणार असाल तर १० अँपियरचा चालेल, पण त्यात अर्थकडे वाय कपॅसिटर असतात. ४.७ नॅनोफॅरडचा एक साधारण ०.३४ मिलिअँपियर गळवतो. अर्थ धड असेल तर काही नाही. अर्थ तुटली असेल तर तोच फिल्टर डब्याच्या पत्र्यावर ११५ व्होल्ट आणून ठेवतो आणि हाताला मुंग्या येतात.

बेटातली सगळी उपकरणं याच बोर्डवर, सब लांब असला तरी त्याची पॉवर वायर इथवर आणा.

---

घोडबंदरचा_श्रोता (ठाणे)

सगळ्यांचे आभार. रीडिंग घेतली, गीझर चालू ठेवून: फेज-न्यूट्रल २३३, फेज-अर्थ २३१, न्यूट्रल-अर्थ १.८. कोॲक्स उपटल्यावर सबची गुणगुण साफ बंद. ड्रायर अर्ध्या स्पीडला लावल्यावर दुपारीही ॲम्प घरघरला, पूर्ण स्पीडला नाही.

म्हणजे डीसी आहे. त्याचं काय करू? आणि वायरमन म्हणतो एसपीडीला स्वतंत्र अर्थ लागते, खालून नवीन पट्टी ओढावी लागेल, त्याशिवाय लावणार नाही.

---

तिसरी_पिन (ऐरोली)

डीसी ब्लॉकर. दोन इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सिरीजमध्ये, निगेटिव्ह टोकं एकमेकांना जोडून. त्यांना समांतर ३५ अँपियरचा ब्रिज रेक्टिफायर, त्याची प्लस आणि मायनस टोकं आपसात जोडलेली, एसी टोकं कपॅसिटरच्या दोन बाहेरच्या टोकांना. ही जोडी फेजच्या वाटेत सिरीजमध्ये येते. नेहमी कपॅसिटरवर एक व्होल्टही पडत नाही, डीसी तिथेच अडतो. शॉर्ट झाला किंवा चालू करतानाचा झटका आला तर सुमारे १.४ व्होल्टला ब्रिज वाहायला लागतो आणि कपॅसिटर वाचतात. ब्रिज ३५ अँपियरचा हवा तो फॉल्ट करंटसाठी, ४ अँपियरचा लावून एमसीबी पडायच्या आत तो उडवू नका.

कपॅसिटर किती? १०,००० मायक्रोफॅरडचे दोन सिरीजमध्ये म्हणजे ५,०००, ५० हर्ट्झला ०.६४ ओहम. १ अँपियरपर्यंत ठीक. ॲम्प २ अँपियर ओढायला लागला की शिखरावर १.८ व्होल्ट होतात, ब्रिज वाहतो आणि ब्लॉकर असून नसल्यासारखा. २२,००० चे घेतले तर ०.२९ ओहम, २ अँपियरला शिखर ०.८ व्होल्ट, निवांत. २५ व्होल्टचे, १०५ अंशांचे, रिपल करंट डेटाशीटवर बघून. मुंबईत लॅमिंग्टन रोडला सगळं एका फेरीत मिळतं. आधी फ्यूज, मग ब्लॉकर. अर्थची वायर मात्र अखंड सरळ, तिच्या वाटेत काहीही नाही. सगळं बंद डब्यात, कारण कपॅसिटरवर २ व्होल्ट दिसले तरी दोन्ही टोकं अर्थच्या मानाने २३० वर असतात. मेन्सवर हात बसलेला नसेल तर हे तयार विकत घ्या.

रात्री २५० ला त्यानंतरही थोडी घरघर उरली तर ती व्होल्टेजची. तेव्हा लोखंडी_कोर यांचा सर्व्हो, फक्त ॲम्पपुरता, ५०० व्हीए.

---

लोखंडी_कोर (नौपाडा)

मान्य. सर्व्होआधी एक फुकटचा मार्ग: ट्रान्सफॉर्मरला टॅप असतात, बहुधा २.५ टक्क्यांचे. रात्रीचे २५२ नोंदवून सोसायटीच्या लेटरहेडवर महावितरणला लिहा, १९१२ या हेल्पलाइनवर तक्रार क्रमांकही घ्या. एक टॅप खाली केला तर २५२ चे २४६ होतात. पण संध्याकाळचे २१५ ही २१० होतील, आणि वरच्या मजल्यावर कुणाला आधीच २०८ असतील तर मीटिंगमध्ये तो उभा राहणार.

---

अर्थपिट (नेरुळ)

वायरमनला सांगा, स्वतंत्र अर्थ नकोच. एसपीडी डीबीतल्या त्याच अर्थ बारला, ज्याला घरातल्या सगळ्या तिसऱ्या पिना जातात. वेगळी पट्टी ओढलीत तर सर्जच्या वेळी त्या पट्टीत आणि घरच्या अर्थमध्ये हजारो व्होल्टचा फरक पडेल, आणि तो फरक तुमच्या सबच्या आत जाऊन मिटेल. चौदा मजले पट्टीचा खर्च वर वेगळा. अर्थ बारला डीबीपर्यंत येणारी वायर किमान मेन फेजच्या जाडीची आहे का, तेवढं बघून घ्या.

इमारतीवर लाइटनिंग अरेस्टर असेल तर मीटर रूममध्ये टाइप १+२ एसपीडी (थेट पडलेल्या विजेचा करंटही सोसणारा) लागतो. तो सोसायटीचा विषय, तुमच्या डीबीतल्या टाइप २ ने तो भागत नाही. तो बसेपर्यंत, आणि बसल्यावरही, दुपारी ढग गडगडायला लागले की बोर्डाचा टॉप आणि कोॲक्स हाताने काढा. भिंतीवरचा स्विच नुसता फेज तोडतो, न्यूट्रल आणि अर्थ जोडलेलेच राहतात, आणि काँटॅक्टमधली दोन-तीन मिलिमीटरची फट सर्ज सहज उडी मारून जातो. एसपीडीच्या कार्ट्रिजची खिडकी हिरवी आहे ना, ते गडगडाट झाल्यावर एकदा दार उघडून बघा. लाल झाली तर फक्त कार्ट्रिज बदलायचं, पायथा तसाच राहतो. म्हणून घेतानाच सुटं कार्ट्रिज मिळणाऱ्या मॉडेलचा घ्या.